४.९ वरून ४.१० : एका लायब्ररीचा नंबर बदलला की चालू सॉफ्टवेअर का पडतं?

मु. पो. सोनारी, ता. परंडा, जि. धाराशिव.

काळभैरवनाथाच्या या गावाचा पत्ता पोस्टमनला एका नजरेत कळतो. गाव कुठलं, तालुका कुठला, जिल्हा कुठला हे त्याला सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरचं तसं नसतं. त्याला दिसते ती फक्त अक्षरांची, टिंबांची आणि स्वल्पविरामांची रांग. 'ता.' च्या पुढे येतो तो तालुका, 'जि.' च्या पुढे येतो तो जिल्हा, हे त्याला आधी कुणीतरी शिकवावं लागतं.

अशा रांगेतून अर्थ लावणाऱ्या प्रोग्रामला पार्सर म्हणतात. तो आपल्याला दिसत नाही, पण सगळीकडे असतो. बँकेचं सॉफ्टवेअर डेटाबेसला प्रश्न विचारतं तेव्हा तो प्रश्न आधी पार्सर वाचतो. एक्सेलच्या चौकटीत सूत्र टाकलं की ते पार्सर वाचतो. जावामध्ये लिहिलेला प्रोग्राम चालण्याआधी तोसुद्धा पार्सरमधूनच जातो.

आता २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. समजा, पुण्यातल्या एखाद्या कंपनीचं जावामधलं सॉफ्टवेअर असे पत्ते वाचतंय. (खरे पत्ते इतके शिस्तीत कुणी लिहीत नाही, त्यामुळे खऱ्या कामाला एवढं कडक व्याकरण पुरणार नाही, पण उदाहरणापुरतं चालेल.) जिल्ह्यांच्या यादीत एक शब्द वाढवायचा, इतकंच काम. पाच मिनिटांचं. डेव्हलपर तो शब्द वाढवतो. फाईल उघडलीच आहे तर जुनी लायब्ररीही नव्या व्हर्जनवर नेऊ, असं त्याच्या मनात येतं. लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या पास होतात. रात्री काम सर्व्हरवर सुरू होतं आणि पहिल्याच पत्त्याला कोसळतं.

चूक जिल्ह्याच्या नावात नसते. त्याच्या कोडमध्येही नसते. मग असते कुठे?

पार्सर लिहिणारा प्रोग्राम

पार्सर हाताने लिहिता येतो, पण ते किचकट काम आहे. एक नियम बदलला की दहा ठिकाणी कोड बदलावा लागतो. म्हणून लोकांनी वेगळी युक्ती काढली. आपण फक्त भाषेचे नियम लिहून द्यायचे आणि पार्सरचा कोड एका प्रोग्रामने लिहून काढायचा. या प्रोग्रामला म्हणतात पार्सर जनरेटर. त्याला दिलेल्या नियमांच्या फाईलला इंग्रजीत ग्रामर म्हणतात, म्हणजे आपलं व्याकरणच.

हा शब्द उगाच आलेला नाही. १९५९-६० च्या सुमारास जॉन बॅकस आणि पीटर नाऊर यांनी अल्गोल या प्रोग्रामिंग भाषेचे नियम लिहिण्यासाठी एक पद्धत वापरली. ती पुढे 'बॅकस-नाऊर फॉर्म' म्हणून रूढ झाली. १९६७ साली पी. झेड. इंगरमन यांनी संगणकशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकाला पत्र लिहिलं आणि सुचवलं की या पद्धतीला 'पाणिनी-बॅकस फॉर्म' म्हणावं. कारण नियमांतून भाषा घडवण्याचं अशा तऱ्हेचं काम पाणिनीने कितीतरी शतकं आधी करून ठेवलं होतं. नाव काही बदललं नाही, पण ज्या लोकांना व्याकरण म्हणजे शाळेतली डोकेदुखी वाटते त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

१९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 'याक' नावाचा पार्सर जनरेटर लिहिला. पुढे जावाच्या जगात सगळ्यात जास्त चलती झाली ती 'अँटलर'ची. तो लिहिला टेरेन्स पार यांनी. १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेलं हे काम वेगवेगळ्या पिढ्यांतून गेलं आणि आज वापरात असलेली चौथी पिढी २०१३ साली आली.

एकाच नावाच्या दोन वस्तू

इथे खरी गोम आहे. अँटलर ही एक वस्तू नाही, दोन आहेत.

पहिली वस्तू म्हणजे टूल. ते बिल्ड करताना एकदाच चालतं. व्याकरणाची फाईल वाचून जावाचा कोड लिहितं आणि बाजूला होतं. दुसरी वस्तू म्हणजे रनटाइम. ही एक छोटी लायब्ररी असते आणि तयार झालेला पार्सर जेव्हा जेव्हा चालतो तेव्हा ती त्याच्यासोबत लागते. टूल राहतं डेव्हलपरच्या मशीनवर किंवा बिल्ड सर्व्हरवर. रनटाइम जातं थेट ग्राहकाच्या सर्व्हरपर्यंत.

टूल जो कोड लिहितं त्यात एक विचित्र दिसणारी गोष्ट असते. माणसाला अजिबात वाचता न येणाऱ्या चिन्हांची लांबलचक स्ट्रिंग. ती म्हणजे व्याकरणाचा नकाशा. 'ता.' दिसलं तर या वाटेने जा, 'जि.' दिसलं तर त्या वाटेने जा, अशा सगळ्या वाटा त्यात दाबून बसवलेल्या असतात. अँटलरमध्ये या नकाशाला एटीएन म्हणतात. प्रोग्राम सुरू झाला की रनटाइम ही स्ट्रिंग उलगडतं, नकाशा परत उभा करतं आणि मगच वाचन सुरू होतं.

म्हणजे नकाशा काढणारा एक आणि वाचणारा दुसरा. दोघांच्या खुणा सारख्या असतील तोवर सगळं सुरळीत.

२०२२ साली अँटलरचं ४.१० व्हर्जन आलं आणि त्यात नकाशा लिहायची पद्धतच बदलली. आधी तिचा क्रमांक ३ होता, तो ४ झाला. जुन्या टूलने काढलेला नकाशा नव्या रनटाइमसमोर ठेवला की ते म्हणतं, ३ क्रमांकाचा नकाशा मला उलगडता येत नाही, मला ४ हवा होता. उलट केलं तर उलटी तक्रार.

यात एक बारीक फसगत आहे. जावाच्या कंपायलरच्या दृष्टीने तो नकाशा म्हणजे निव्वळ एक स्ट्रिंग. आत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे कोड बिनतक्रार कंपाइल होतो. हिरवी खूण दिसते. चूक कळते ती प्रोग्राम चालताना, पार्सरचा क्लास पहिल्यांदा मेमरीत येतो त्या क्षणी.

पण ४.१० हा तर छोटासा बदल वाटतो!

आधी एक साधी गोष्ट. व्हर्जनमध्ये ४.१० हे ४.९ च्या पुढचं असतं. तो दशांश अपूर्णांक नाही. गणिताच्या सवयीने अनेक जण इथे पहिल्यांदा अडखळतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सॉफ्टवेअरच्या जगात एक सर्वसाधारण संकेत आहे. पहिला आकडा बदलला तर मोठा बदल, जुनं मोडू शकतं. मधला बदलला तर नवी सोय आली, जुनं चालू राहील. शेवटचा बदलला तर फक्त दुरुस्ती. या हिशेबाने ४.९ वरून ४.१० म्हणजे बिनधोक असायला हवं.

अँटलर हा संकेत तंतोतंत पाळत नाही आणि तसं त्यांनी उघडपणे लिहूनही ठेवलंय. त्यांच्याकडे पहिला आकडा बदलतो तो फक्त नवी पिढी आली की. मधल्या आकड्यासोबत मोडतोड होऊ शकते आणि दरवेळी पार्सर नव्याने तयार करून घ्यावा असं त्यांचं धोरण आहे. जुन्याशी जुळण्याची हमी फक्त शेवटचा आकडा बदलतो तेव्हा. त्यामुळे मधला आकडा हलला तरी तो मोठाच बदल समजा, असाही सल्ला ते देतात.

अडचण ही की हे वाचतं कोण? आता बऱ्याच प्रोजेक्टमध्ये व्हर्जन वाढवायचं काम बॉट करतो. डिपेंडाबॉटसारखा बॉट रोज येतो, नवी व्हर्जन शोधतो आणि बदलाचा प्रस्ताव टाकून जातो. मधलाच आकडा बदललाय म्हणून बॉटसाठी तो किरकोळ बदल. समोरचा डेव्हलपर शुक्रवारी संध्याकाळी हिरवी खूण पाहून 'मर्ज' दाबतो.

लॅपटॉपवर चाललं, सर्व्हरवर का नाही?

समजा, आपल्या डेव्हलपरने नीट काम केलं. टूल आणि रनटाइम दोन्ही ४.१३ वर नेले. पार्सर नव्याने तयार केला. लॅपटॉपवर सगळं जुळलं. तरी रात्री काम का पडलं?

कारण त्याचा प्रोग्राम सर्व्हरवर एकटा राहत नव्हता. तो अपाचे स्पार्कवर चालत होता. स्पार्क म्हणजे प्रचंड डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळणारी यंत्रणा. हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत डेटाचं काम करणाऱ्या असंख्य टीम ती वापरतात. स्पार्कला एसक्यूएल समजतं, आणि एसक्यूएल वाचण्यासाठी त्याच्या पोटात पार्सर आहे. तो पार्सर अँटलरनेच बनवलेला आहे. म्हणजे स्पार्कसोबत अँटलरचं रनटाइमही आलंच.

स्पार्क ३.४ आणि ३.५ मध्ये ते रनटाइम होतं ४.९.३. आळस म्हणून नाही. ४.१० पासून अँटलरचं टूल चालवायला जावा ११ लागतं आणि स्पार्कच्या तिसऱ्या पिढीला जावा ८ सांभाळायचं होतं. २०१४ साली आलेलं जावा ८ आजही कित्येक ठिकाणी ठाण मांडून आहे. स्पार्कच्या बिल्ड फाईलमध्ये या आकड्याशेजारी चक्क सूचना लिहिलेली होती की कृपया ४.१० किंवा पुढे नेऊ नका, त्याला जावा ११ लागतं. अशी एक ओळ पुढच्या माणसाची किती रात्रींची झोप वाचवते, ते ज्याची झोप उडालीये त्यालाच कळतं.

जावामध्ये एकाच नावाचा क्लास दोन लायब्ररींमध्ये असेल तर साधारणपणे जो आधी सापडेल तो घेतला जातो. स्पार्कच्या मशीनवर आधी सापडतं स्पार्कचं स्वतःचं रनटाइम, म्हणजे ४.९.३. डेव्हलपरने सोबत पाठवलेलं ४.१३ तसंच पडून राहतं. मग नकाशा नव्या पद्धतीचा आणि वाचणारा जुना. तक्रार येते, ४ क्रमांकाचा नकाशा मिळाला, ३ हवा होता.

पुढे २०२५ साली स्पार्क ४.० आलं. त्याने जावा ८ आणि ११ दोन्ही सोडले, किमान १७ मागितलं आणि अँटलर ४.१३.१ वर नेलं. म्हणजे स्पार्क ३.५ वरून ४.० वर जाणाऱ्या टीमला हाच खड्डा दुसऱ्या बाजूने लागतो. आजवर ४.९.३ शी जुळवून ठेवलेले पार्सर नव्या रनटाइमसमोर उभे राहतात.

लॉगमध्ये पहिली ओळ शोधा

असं काही झालं की अनेक जण तासन्‌तास चुकीच्या जागी शोधत बसतात. त्याला जावाची एक सवय कारण आहे.

पार्सरचा क्लास पहिल्यांदा मेमरीत येताना नकाशा उलगडला नाही तर जावा 'एक्सेप्शन इन इनिशियलायझर एरर' देतं. त्याच्या खाली खरं कारण लिहिलेलं असतं, ३ आणि ४ चे आकडे तिथेच दिसतात. पण हे एकदाच. त्याच क्लासला पुन्हा हाक मारली की जावा म्हणतं 'नो क्लास डेफ फाउंड', क्लास सुरू करता आला नाही. ही दुसरी तक्रार मग हजारो वेळा येते. लॉगच्या शेवटी तीच दिसते. डेव्हलपरला वाटतं फाईलच पोचली नाही. तो जार फाईल पुन्हा पाठवतो, सर्व्हर पुन्हा सुरू करतो. फाईल तर तिथेच असते. लॉग मागे मागे सरकवत पहिल्या तक्रारीपर्यंत गेलं तर उत्तर दोन मिनिटांत सापडतं.

अँटलर स्वतःही इशारा देतं की कोड अमुक व्हर्जनच्या टूलने बनवलाय आणि रनटाइम तमुक आहे, दोन्ही जुळत नाहीत. पण तो नुसता इशारा असतो, प्रोग्राम त्यावर थांबत नाही. शेकडो ओळींच्या गर्दीत तो वाचायचा राहून जातो.

ज्यांनी अँटलरचं नावही ऐकलं नाही, त्यांच्याकडेही तो असतो

जावामध्ये वेबसाईटची मागची बाजू लिहिणाऱ्या बहुतेकांनी हायबरनेट वापरलेलं असतं. हायबरनेटची स्वतःची क्वेरीची भाषा आहे, आणि पाचव्या पिढीपर्यंत ती वाचायला अँटलर २.७.७ वापरलं जायचं. हे व्हर्जन २००६ सालचं! सहाव्या पिढीत, २०२२ साली, हायबरनेट अँटलर ४ वर गेलं. स्प्रिंग बूट ३ वर गेलेल्या प्रोजेक्टमध्ये अँटलर ४ असं न सांगता आलं.

पिढ्या वेगळ्या असतील तर भांडण होत नाही. २, ३ आणि ४ या तिन्ही पिढ्यांच्या पॅकेजची नावं वेगळी आहेत, त्यामुळे त्या एकाच प्रोजेक्टमध्ये गुण्यागोविंदाने राहतात. चौथ्या पिढीतलीच दोन व्हर्जन आली की मात्र भांडण. दोघांचं नाव एकच, जागाही एकच.

दोन लायब्ररींनी दोन वेगळी व्हर्जन मागितली तर निवडतं कोण? मेव्हन आणि ग्रेडल, दोघांची रीत वेगळी. मेव्हन बघतो की मागणी करणारा आपल्या प्रोजेक्टपासून किती जवळ आहे. जवळचा जिंकतो, भले त्याचं व्हर्जन जुनं असो. ग्रेडल सहसा सगळ्यात वरचं व्हर्जन घेतो. म्हणजे तीच लायब्ररी, तेच कोड, पण बिल्डची यंत्रणा बदलली की निकाल वेगळा. ग्रेडलची आणखी एक गंमत म्हणजे त्याच्या अँटलर प्लगिनला व्हर्जन सांगितलंच नाही तर तो मुकाट्याने २.७.७ घेतो. अँटलर ४ चं व्याकरण लिहून बसलेल्या नवख्याला मग भलत्याच चुका दिसतात.

म्हणून व्हर्जनला हात लावण्याआधी झाड बघावं. मेव्हन आणि ग्रेडल दोन्हींमध्ये कुठली लायब्ररी कुणामुळे आली याचं झाड दाखवणारी कमांड आहे. अँटलर कुणाकुणाच्या पोटातून येतंय ते तिथे कळतं. आपण दुसऱ्याच्या घरात, म्हणजे स्पार्कसारख्या यंत्रणेत राहत असू तर व्हर्जन घरमालकाचं घ्यावं, आपलं रेटू नये. टूल आणि रनटाइम यांचा आकडा बिल्ड फाईलमध्ये एकाच ठिकाणी लिहावा आणि दोघांनी तोच वापरावा. दोन ठिकाणी लिहिलेला आकडा कधीतरी एकाच ठिकाणी बदलला जातो. आणि जुना तयार झालेला कोड पुसून सगळं नव्याने बनवावं. काही टीम तयार झालेला पार्सरही गिटमध्ये ठेवतात. त्यांनी तर जास्तच जपावं, कारण रनटाइम पुढे जातं आणि गिटमधला नकाशा जुनाच राहतो.

घरमालकाचं व्हर्जन अजिबात चालणार नसेल तर एक उपाय आहे, शेडिंग. आपल्याला हवं ते रनटाइम आपल्याच जारमध्ये घ्यायचं आणि त्याच्या पॅकेजचं नाव बदलून टाकायचं. नाव वेगळं झालं की टक्कर संपली. ग्रूव्ही ही भाषा नेमकं हेच करते, तिच्या पोटातलं अँटलर बदललेल्या नावाने राहतं. यात जार फुगतं आणि त्या रनटाइमच्या दुरुस्त्यांची जबाबदारी आपल्या गळ्यात येते, म्हणून हा उपाय शेवटचा.

मग जुनंच का ठेवू नये?

'चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा?' हा प्रश्न प्रत्येक टीममध्ये असतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीत गंभीर भोक सापडलं आणि जगभरच्या टीमनी रात्रंदिवस जागून व्हर्जन बदलली. सगळ्यात जास्त हाल झाले ते वर्षानुवर्षं काहीच न हलवलेल्यांचे. एक आकडा बदलायला गेलं की दहा हलत होते.

मराठीसाठी मात्र एक वेगळंही कारण आहे, ते म्हणजे अक्षरं.

देवनागरीची अक्षरं युनिकोडच्या पहिल्या, १६ बिटांत मावणाऱ्या भागात आहेत. त्यामुळे जुन्या अँटलरलाही ती वाचता यायची. मोडी लिपी मात्र २०१४ साली युनिकोडमध्ये आली ती त्या भागाच्या बाहेर. इमोजीही बहुतांश बाहेरच. अँटलर ४.७, म्हणजे २०१७ पूर्वी, अशा एका अक्षराचे दोन तुकडे व्हायचे आणि व्याकरणात ते सरळ लिहिता येत नसे. ४.७ मध्ये हे सुधारलं. पण नुसतं व्हर्जन वाढवून भागत नाही, मजकूर वाचायला देण्याची जुनी पद्धत सोडून नवी वापरावी लागते. जुनी पद्धतही चालत राहते, म्हणून हा बदल करायचा राहून जातो.

४.७ मध्ये आणखी एक सोय आली. 'कुठलंही अक्षर' असं युनिकोडच्या गटावरून सांगता येऊ लागलं. इथे मराठी माणसाने सावध राहावं. युनिकोडच्या हिशेबात स, न, र ही अक्षरं आहेत, पण काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही 'अक्षरं' नाहीत, ती चिन्हं आहेत. व्याकरणात फक्त अक्षरांचा गट लिहिला तर 'सोनारी' वाचताना पार्सर 'स' वर थांबतो आणि पुढच्या ओ-काराला अनोळखी म्हणतो. चिन्हांचे गटही सोबत लिहावे लागतात. इंग्रजी पत्त्यांवर ही चूक कधीच दिसत नाही, म्हणून चाचणीच्या यादीत मराठी पत्ते हवेत. 'जि. धाराशिव' लिहिलेले आणि जुन्या कागदांवरचे 'जि. उस्मानाबाद'वाले, दोन्ही. आणि ती चाचणी लॅपटॉपवर न चालवता, काम रात्री जिथे चालणार आहे त्याच यंत्रणेवर, त्याच व्हर्जनवर चालवायला हवी.